नलूताई, आत येऊ का?

नलूताई,

काल तुझी शोकसभा झाली. ठाण्यात, एसी हॉलमध्ये, जो आपल्याला बैठकीसाठी कधी मिळाला नाही त्याच हॉलमध्ये. माईक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी तो शेजारच्या बाईंच्या हातात देऊन टाकला. लोकांना वाटलं, शैलाला गहिवरून आलं. गहिवर कसला? तोंड उघडलं असतं तर पहिली दोन वाक्यं तुझ्याबद्दल आली असती आणि पुढची सगळी समोर बसलेल्यांबद्दल, आणि मग मला कोणीतरी दंडाला धरून खाली बसवलं असतं. म्हणून ते सगळं इथे लिहिते आहे. तुझा चष्मा कधी जागेवर नसायचा आणि ऑफिसचे कागद तुला मीच वाचून दाखवायचे. आजही तसंच समज, आणि मधे बोलू नकोस.

दारात फ्लेक्स होता. वरच्या रांगेत हात जोडलेले पुढारी, त्यांच्या खाली त्यांचे कार्यकर्ते, आणि अगदी खाली कोपऱ्यात तू. फोटो तोच, ओळखपत्रावरचा, ज्यात तू कोणावर तरी खेकसायच्या बेतात दिसतेस. मला तेवढ्यातही हसू आलं. मग साहेब बोलायला उठले. घरसेवा ठेकेदाराकडे गेल्यापासून तिचे प्रमुख झालेले, वागळे इस्टेटमधल्या काचेच्या केबिनमध्ये बसणारे आपले साहेब. नलिनीबाई म्हणजे मूर्तिमंत सेवा, म्हणाले. आमच्यासाठी त्या आईसमान होत्या, म्हणाले. जिवंतपणी तुला 'त्या हट्टी बाई' म्हणणारा हाच माणूस. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. म्हशीची उपमा दिली म्हणून रागावू नकोस, तू स्वतःच हे वाक्य दर शोकसभेनंतर म्हणायचीस.

शेवटी ते म्हणाले, “त्यांनी घरोघरी सेवा पोहोचवली.” मी घरसेवेतल्या आपल्या मंदाकडे बघितलं. मंदा खाली फरशीकडे बघत होती. घरोघरी पोहोचली ती सेवा, एक घर सोडून. तू खुब्याचं हाड मोडून डोंबिवलीच्या तुझ्या दोन खोल्यांत पडून होतीस, पाठ सडत होती, आणि तू जन्माला घातलेली घरसेवा तुझ्या घरी आली नाही. येऊ दिली नाही कोणी? साहेबांनी येऊ दिली नाही, हे खरं. पण त्यांच्या आधी तू येऊ दिली नाहीस. आता मी चिडायचं कोणावर हे मला कळत नाही, म्हणून तुझ्यापासूनच सुरुवात करते.

आठवतं का तुला शीळफाट्याचं ते घर? घरसेवा नुकती निघाली होती. सरकारी सेवा, नवी कोरी, दवाखान्याच्या जिन्याखाली एक खोली, त्यात एक कपाट आणि एक पंखा, जो फक्त तुझ्या खुर्चीवर वारा घालायचा. काम सांगायला सोपं होतं. जी माणसं अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, त्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, जखमा धुवायच्या, घरच्यांना शिकवायचं. मी नर्सिंग होममधून आलेली, मला सगळं येतं अशा तोऱ्यात. तू मला पहिल्याच घरी सोबत घेऊन गेलीस.

मोठा बंगला होता. खालच्या गाळ्यात टाइल्सचं दुकान, वर ही मंडळी. जुने तिथलेच, जमिनी विकून वर आलेले. म्हातारे आजोबा मागच्या खोलीत. उभा जन्म मिठागरात गेलेला, पायांच्या टाचा अजून चिरलेल्या. सून बिचारी कंटाळून गेली होती. तिने आपल्याला सरळ आत नेलं, 'करा काय ते' म्हणाली आणि आजोबांच्या अंगावरची चादर ओढून काढली. खाली काहीच नव्हतं. दोन परक्या बायका समोर उभ्या आणि म्हातारा तसाच उघडा. त्याने फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी बेसिन शोधत होते. तू चादर उचलून परत त्याच्या अंगावर घातलीस, मला बाहेर काढलंस, दार लोटलंस आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलंस, “आजोबा, आत येऊ का?”

आतून उत्तर नाही. तू उभी. सून वेड्यासारखी आपल्याकडे बघतेय. बऱ्याच वेळाने तू म्हणालीस, चल शैला. आपण काहीही न करता परत आलो. परतीच्या रिक्षात मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, माणूस घाणीत पडलाय आणि तुला शिष्टाचार सुचतोय. तू खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिलीस आणि एवढंच म्हणालीस की घाण उद्याही निघेल. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या वेळी दार लोटलेलं नव्हतं, आपण जिना चढतोय तोच आतून आवाज आला, “ये गो बाय, ये.” त्या दिवशी आजोबांनी स्वतः कूस बदलली, जमेल तेवढी. तुझा हात घट्ट धरून ठेवला होता त्यांनी.

तिथून तो नियम झाला. दार कोणीही उघडो, मुलगा, सून, शेजारीण, आपण उंबऱ्यावर थांबायचं आणि अंथरुणावरच्या माणसाला त्याच्या नावाने किंवा नात्याने विचारायचं, येऊ का? तो हो म्हणेपर्यंत पाय आत टाकायचा नाही. बोलता येत नसेल तर बोट हलवू दे, पापणी मिटू दे. आणि नको म्हणाला तर परत फिरायचं, उद्या परत विचारायचं. नव्या ताया आल्या की त्यांना मलमपट्टी नंतर, आधी दारात उभं राहायला शिकवायचीस. त्या हसायच्या. मीही हसायचे. मग कळव्याला एक काका होते, अर्धांगवायूने पडलेले, ते फक्त डावा डोळा मिटून हो म्हणायचे, आणि त्यांची बायको मला एकदा म्हणाली की दिवसभरात एवढ्याच वेळी यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसतो. त्यानंतर मी हसायचं बंद केलं. कल्याणच्या त्या आजी तर कितीतरी दिवस रोज नको म्हणायच्या आणि मंदा रोज परत यायची. तू मंदाला म्हणालीस, म्हणू दे गं त्यांना, आयुष्यात त्यांचं नको कोणी ऐकलं असेल का? शेवटी एक दिवस आजी स्वतःच म्हणाल्या, आज ये, आणि केस पण धू.

हे मी तुझ्याकडून घेतलं. उपकार म्हण, काहीही म्हण. तुझ्यावर कितीही चिडले तरी हे मी परत देऊ शकत नाही.

पण दुसरा नियमही तुझाच होता.

घरसेवा जरा नावारूपाला आली आणि मग सगळ्यांनाच ती हवीशी झाली. एका पुढाऱ्याच्या सासूबाईंसाठी निरोप आला. तू स्वतः बघायला गेलीस. सासूबाई टीव्हीसमोर पाय हलवत बसलेल्या, त्यांना ताई हवी होती ती पोळ्या करायला. तू नाही म्हणालीस. तो पुढारी भर बैठकीत म्हणाला, आमच्या घरी नाही पाठवायची, पण तुमच्या बायकांच्या स्वतःच्या घरी पाठवत असणार, आम्हाला सगळं कळतं. आणि तू उठलीस. मला तुझी पाठ दिसत होती, साडीचा पदर कमरेला खोचलेला. म्हणालीस, “आमच्यापैकी कोणाच्याही घरी, आमच्या कोणत्याही नातेवाइकाच्या घरी ही सेवा जाणार नाही. लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. असल्या गोष्टी ते लगेच लिहून घेतात. टाळ्यासुद्धा वाजल्या. मीही वाजवल्या, तेव्हा मलाही तू फार मोठी वाटलीस. त्या एका वाक्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोणी आपल्याकडे बोट दाखवू शकलं नाही हेही खरं. पण तू ते वाक्य बोललीस तेव्हा एका तरी ताईला विचारलंस का? येऊ का म्हणून प्रत्येकाला विचारणारी तू, आम्हा सगळ्यांच्या घरांची दारं आम्हाला न विचारता लावून आलीस.

मग मंदाचे मालक पडले. कळव्याला डोंगराच्या चढावर तिची खोली, पाण्याचा हंडा खालून वर न्यायचा. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला आणि मंदा रोज सकाळी त्याला बिस्किटं आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवून दुसऱ्यांच्या नवऱ्यांना अंघोळी घालायला यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तुला म्हटलं, नियम बदल. आपण शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या होतो, मागची माणसं ऐकत होती, मला पर्वा नव्हती. तू म्हणालीस, एकदा दार किलकिलं केलं की आधी पुढाऱ्याची सासू शिरेल, मंदाचा नंबर शेवटीच लागेल. मी म्हटलं, सासूच्या भीतीने मंदाला मारायचं का? तू म्हणालीस, मी शब्द दिलाय. मी म्हटलं, शब्द तू दिलास आणि फेडतेय मंदा. आपला नंबर आला, तू रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसलीस, म्हणजे बोलणं नको. ते भांडण तिथेच राहिलं. मंदाचे मालक गेले, तरी ते भांडण राहिलंच.

पुढे ठेका आला. घरसेवा ठेकेदाराकडे गेली, ऑफिस वागळे इस्टेटला गेलं, आणि प्रत्येक ताईच्या मोबाइलमध्ये एक ॲप आलं. घरात शिरलं की रुग्णासोबत फोटो काढायचा, तो गेला की हजेरी लागणार. दारात उभं राहिलेला वेळ धरला जाणार नव्हता, आणि नको म्हटलेलं घर म्हणजे 'भेट झाली नाही.' तू साहेबांसमोर शीळफाट्याच्या आजोबांची गोष्ट सांगितलीस. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “बाई, दारात उभं राहून कामं होत नसतात.” आणि तू राजीनामा दिलास. झटक्यात. मला वाटलं होतं तू भांडशील, बैठका घेशील, ताया जमवशील, निदान त्या काचेच्या केबिनसमोर बसून राहशील. नाही. हाक मारल्याशिवाय मी कोणाच्या घरात पाय टाकणार नाही, म्हणालीस आणि पिशवी उचलून निघून गेलीस. त्यांना तेच तर हवं होतं, नलूताई. तुझा मान राहिला. आमच्या हातात मोबाइल राहिला.

मी नोकरीत थांबले म्हणून तू माझ्याशी वर्षभर धड बोलली नाहीस. मी थांबले कारण ताया थांबल्या होत्या. आम्ही काय करायचो माहीत आहे का? फोटो आधी बाहेरच्या दाराचा काढायचो, अर्धवट, हललेला, कोणाचा खांदा, कोणाची भिंत. आणि मग दारात उभं राहून विचारायचो, येऊ का. साहेब ओरडायचे की तुमच्या तायांना फोटो काढता येत नाहीत. आम्ही म्हणायचो, हो ना साहेब, शिकलेल्या नाहीत बिचाऱ्या. हे तुला मला सांगायचं होतं. तू हसली असतीस. पण सांगायला जावं तर तू अबोला धरून बसलेली, आणि मग मीही म्हटलं, बस.

आणि मग तू पडलीस. बाथरूम कोरडं करताना, तेही स्वतःच्याच सवयीने, फरशीवर पाणी नको म्हणून. ऑपरेशन झालं, पण तू परत उभी राहिली नाहीस. तुझा भाऊ बाळू कल्याणहून सुट्टीच्या दिवशी यायचा, बाकी दिवसांसाठी त्याने नर्सिंग ब्युरोची बाई लावली. ती बाई वाईट नव्हती, पण तिला काही शिकवलेलंच नव्हतं. तुला खायला घालायची, डायपर बदलायची आणि फोनवर बोलत बसायची. कूस बदलायची असते हे तिला सांगणार कोण? तू सांगितलं नाहीस का? तू, जी अख्ख्या जगाला कूस बदलायला शिकवत फिरलीस?

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, नलूताईंकडे ताई पाठवायची आहे, मंजूर करा. त्यांनी खुर्ची मागे टेकली, हसले आणि म्हणाले, “मॅडम, कर्मचाऱ्यांना सेवा लागू नाही. आणि हा नियम आमचा नाही, नलिनीबाईंचाच आहे.” त्यांनी तुझे सगळे नियम मोडीत काढले होते. दारात थांबणं गेलं, नको ऐकणं गेलं. एवढा एकच त्यांनी जपून ठेवला होता, कारण तो त्यांच्या सोयीचा होता. मी त्या केबिनमधून बाहेर आले आणि सरळ मंदाला फोन लावला.

काम सुटल्यावर मी आणि मंदा तुझ्याकडे आलो. पिशवीत सगळं होतं, बेसिन, कापूस, मलम, मंदाने स्वतःच्या घरच्या दोन मऊ उशा घेतलेल्या. ब्युरोच्या बाईने दार उघडलं. आम्ही उंबऱ्यावर थांबलो. मी विचारलं, “नलूताई, आत येऊ का?”

तू आतून म्हणालीस, “कोण म्हणून आलीस?”

मी पिशवी वर करून दाखवली. तू म्हणालीस, “घरसेवेची म्हणून आली असशील तर परत जा. शैला म्हणून आली असशील तर ये, चहा घे, पण पिशवी बाहेर ठेव.”

आम्ही पिशवी चपलांशेजारी ठेवली आणि आत आलो. तू आमची चौकशी केलीस, साहेबांच्या टकलाची चेष्टा केलीस, मंदाची नात आता कितवीत आहे म्हणून विचारलंस. आणि मी सगळा वेळ तो वास घेत बसले होते. आपल्याला तो वास कळतो, नलूताई. उदबत्ती लावलेली होती तरी कळतो. मी म्हटलं, पाठ बघू का. तू म्हणालीस, नको. परत म्हटलं. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला शीळफाट्याची रिक्षा आठवली. नको म्हटलं की परत फिरायचं, हे तूच शिकवलेलं. आम्ही चहा पिऊन परत फिरलो.

जिना उतरताना मंदा थांबली. म्हणाली, “एक सांगू का ताई? माझ्या घरी यायच्या नलूताई. दर रविवारी. मालकांना पुसून काढायच्या, त्यांची दाढी पण करायच्या. पाण्याचा हंडा पण एकदा स्वतः वर आणलेला. कोणाला सांगू नको म्हणालेल्या, म्हणून बोलले नाही.”

मी जिन्यात बसले. म्हणजे मी तुझ्याशी रिक्षाच्या रांगेत भांडत होते तेव्हा तू रविवारी डोंगर चढत होतीस, आणि मला सांगितलं नाहीस. मला जिंकू दिलं नाहीस आणि हरूही दिलं नाहीस. पुढच्या खेपेला मी एकटीच आले आणि दारातूनच तुला हे ऐकवलं. म्हटलं, मंदाच्या घरी जायचीस ते काय होतं? तू म्हणालीस, ते माझं स्वतःचं होतं, घरसेवेचं नव्हतं. म्हटलं, मग हेही माझं स्वतःचं आहे, पाठ दाखव. तू चादर गळ्यापर्यंत ओढून घेतलीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मग म्हणालीस, “नको गं शैला.” आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस.

तेव्हा मला कळलं. उशीर झाला, पण कळलं. नियम, शब्द, पुढाऱ्याची सासू, हे सगळं तू मला वर्षानुवर्षं ऐकवत होतीस ना, ते खरं असेलही. पण त्या दिवशी तसलं काही नव्हतं. तुला लाज वाटत होती. शेकडो माणसांची उघडी अंगं धुतलेल्या तुला, स्वतःचं अंग मला दाखवायची लाज वाटत होती. त्या आजोबांच्या अंगावर तू धावत जाऊन चादर घातलीस ती काही शिष्टाचार म्हणून नव्हे. ती लाज तुला आतून माहीत होती, पहिल्यापासून. मग हे एकदा तरी मला सांगायचंस. एकदा म्हणायचंस, शैला, मला लाज वाटते. मी डोळे मिटून धुतलं असतं तुला. दिवे बंद केले असते. मंदाला पाठवलं असतं, मी बाहेर बसले असते. आपल्याकडे किती युक्त्या होत्या, सगळ्या तूच शिकवलेल्या.

मी बाळूला फोन करून सांगितलं, त्याने डॉक्टर आणले, डॉक्टरांनी हॉस्पिटल सांगितलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

तुला घरी आणलं तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. तुझी वहिनी मला म्हणाली, तुम्हालाच सवय आहे, अंघोळ तुम्ही घालाल का? बाहेर गुरुजी घाई करत होते, स्मशानातली वेळ ठरलेली होती. बायकांनी मला आत ढकललंच जवळजवळ. पण मंदा उंबऱ्यावर थांबली होती. हातात ती पिशवी. तिच्यामुळे मीही थांबले. त्या नियमाने जिच्या नवऱ्याला अंधारात ठेवलं ती मंदा, तिने पदर कमरेला खोचला आणि सावकाश विचारलं, “नलूताई, आत येऊ का?”

आतल्या बायका रडायच्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, अहो, आता काय विचारताय. मंदा हलली नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या. तू बोट हलवलं नाहीस. पापणी हलवली नाहीस. हो म्हणाली नाहीस, आणि नलूताई, आयुष्यात पहिल्यांदा, नकोही म्हणाली नाहीस.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. पडदे ओढले. चादर एकदम काढली नाही, जेवढं पुसायचं तेवढंच उघडायचं, तशीच काढली. मग कुशीवर वळवलं आणि पाठ बघितली. काय बघितलं ते लिहिणार नाही. तुझी लाज मी राखते, तू माझं ऐकलं नाहीस तरी राखते. मी रडले नाही, मी तुला शिव्या घातल्या, मंदासमोर, मोठ्याने, तुला आणि साहेबांना आणि त्या लिहून घेणाऱ्यांना. मंदा ती जखम धूत होती, जिवंत माणसाची धुवावी तशी, कोमट पाण्याने, कडेकडेने. मग तिने तुझ्या गुडघ्यांमध्ये एक उशी दिली आणि पाठीशी दुसरी.

वहिनी दार किलकिलं करून डोकावली. म्हणाली, आता उशी कशाला गं?

मंदा म्हणाली, “हाडाला हाड लागू नये म्हणून.”

थोडा वेळ तसंच ठेवलं तुला. गुरुजी थांबले. घरसेवा तुझ्या घरी आली होती, नलूताई, तुझा नियम मोडून, तुला विचारून, तुझ्या उत्तराशिवाय. आता तुला भांडायचं असेल तर भांड. मी उंबऱ्यावरच उभी आहे.